लालपेन्याने सोडून दिलेली चूक

छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली, म्हणून सगळे त्याला लालपेन्या म्हणत. निवृत्त झाला तेव्हा पेन टेबलावर ठेवून आला, खोड मात्र घरी घेऊन आला. दवाखान्यातली पाटी असो, नाहीतर बायको शेजारणीला सांगत असलेली एखादी गोष्ट असो, चूक सापडली की याच्या जिभेला खाज सुटायची. "मंगळवार नव्हता, बुधवार होता," असं तो आतल्या खोलीतून ओरडायचा. बायको म्हणायची, "तुम्हाला विचारलं का कुणी?" कुणीही विचारलेलं नसायचं. तेच तर सुख होतं.

तर अशा या विद्वानाला एका सकाळी फोन आला. मुलीचा आवाज, गोड, जरा दमलेला. "तुमच्या ताईंच्या बँकेतून बोलतेय सर. त्यांच्या खात्याला नॉमिनी म्हणून तुमचं नाव आहे. नोंदी तपासून घ्यायच्या होत्या."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी. तिचे बँकेचे कागद तोच भरायचा, त्यामुळे सगळे आकडे याला तोंडपाठ. लालपेन्या सावध माणूस. त्याने लगेच बजावलं, "फोनवर आम्ही कसलीही माहिती देत नसतो."

"देऊच नका सर. मी वाचते, तुम्ही फक्त ऐका."

आणि तिने वाचायला घेतलं. जन्मतारीख बारा. "अहो, बारा कुठली, एकवीस!" आईचं नाव भलतंच. पत्ता जुना. कार्डाचे शेवटचे आकडे उलटसुलट, मोबाइल नंबरात एक आकडा कमी. पाच ओळींत पाच चुका. एवढं घबाड त्याला छापखान्यात अख्ख्या पुस्तकातसुद्धा कधी मिळालं नव्हतं. एकेक चूक त्याने अशी मायेने दुरुस्त केली की विचारू नका. "कोण भरतं हो तुमच्याकडे ही माहिती?" असंही वर झापलं. ती बिचारी म्हणाली, "सर, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." फोन ठेवल्यावर याने स्वतःसाठी कपभर चहा केला. बायको बाहेर गेली होती, नाहीतर तिलाही हा पराक्रम ऐकावा लागला असता.

दोन दिवसांनी ताईचा मोबाइल बंद पडला. तिला वाटलं, बिघडला असेल. खरं तर कुणीतरी तिची सगळी माहिती सांगून तिच्याच नंबराचं दुसरं सिम काढलं होतं. बँकेचे सगळे निरोप तिकडे जात होते. तिला कळेपर्यंत निम्म्याहून जास्त शिल्लक गेली होती.

बँकेत ताईला घेऊन लालपेन्याच गेला. तिथल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. "या लोकांकडे अर्धी माहिती असतेच," त्या म्हणाल्या. "कुठे भरलेला फॉर्म, कुठे टाकून दिलेली झेरॉक्स. उरलेली ते विचारत नाहीत. विचारलं की माणूस सावध होतो. मुद्दाम चुकीची वाचून दाखवतात. दुरुस्त करून देणारा एखादा अतिशहाणा भेटतोच. आजी, तुम्ही कुणाशी बोललात का?"

अतिशहाण्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी नाही बोलले कुणाशी," ताई म्हणाली. मग जरा वेळाने, अगदी हळू, "बोलले असेन. मला आठवत नसेल."

हीच ती जागा होती. ताई, तू नाही, मी. चार शब्द. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका खोडत आलेल्या या माणसाने घसा खाकरला आणि बाईंना विचारलं, "पासबुक आणायला हवं होतं का?"

हल्ली तो हा किस्सा स्वतःच सांगतो. इथे आला की थांबतो, स्वतःला एक सणसणीत शिवी घालतो आणि मग पुढे जातो.

घरी येऊन त्याने मनातल्या मनात स्वतःची वकिली सुरू केली. तक्रार तर झालीच आहे, पैसे मिळाले तर मिळतील, आता सांगून काय उपयोग? आठ दिवस मूग गिळून बसला. वर ताईला फोनवर धीर देत होता, "होतं गं असं, वय झालं आता." हे वाक्य आठवलं की त्याला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नवव्या दिवशी तो तिच्याकडे गेला. ताईने तीस वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढलेली. हजारो नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, पण एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर कधी गेलं नाही. त्याच ठसठशीत अक्षरातल्या चिठ्ठ्या आता घरभर लावलेल्या होत्या. गॅसच्या वर, 'बंद केलास का? हात लावून बघ.' दारावर, 'किल्ली घे.' फोनजवळ, 'कुणाशी काही बोलू नकोस.' टेबलावर जागेच्या कागदांची पिशवी काढून ठेवलेली.

"लेकाशी बोलले," ती म्हणाली. "जागा विकते आणि त्याच्याकडे जाऊन राहते. उद्या दलाल यायचाय. आज पैसे गेले, उद्या गॅस सुरू राहील. माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही रे."

स्वतःच्या पगारातून घेतलेल्या या दोन खोल्या. नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी समजावलं, तरी ती इथून हलली नव्हती. लालपेन्याला खुर्चीवर बसवेना.

"ताई, तुझं डोकं ठणठणीत आहे," तो म्हणाला. "सगळं मी सांगितलं. तारीख, आईचं नाव, कार्ड, सगळं. बँकेतून म्हणून एका मुलीचा फोन आला, तिने चुकीचं वाचलं आणि मी अक्कल पाजळली."

ताईने विचारलं, "म्हणजे मी बोललेच नव्हते?"

"नाही."

तिने आधी दलालाला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. मग गॅसवरची चिठ्ठी काढली, दारावरची काढली, आणि त्या हातात धरूनच समोर बसली.

"फसलास ते मला समजतं. मीही फसले असते," ती म्हणाली. "पण बँकेत तू माझ्या शेजारी बसला होतास. त्या दिवसापासून मी घाबरून जगतेय. रात्री उठून गॅस बघते. हे आठ दिवस का रे?"

"लाज वाटली," तो म्हणाला. "तुझ्या भीतीपेक्षा मला माझी लाज मोठी वाटली."

ताई उठली आणि दार उघडून उभी राहिली.

"आज जा," ती म्हणाली. "रविवारी ये. तोवर मला रागावून घेऊ दे."