हारासाठी मरावं लागतं का?

मित्रांनो, आज साकोलीहून संतापून परतलोय.

एका शाळेत ‘राज्याचे मानकरी’ या फोटोंच्या भिंतीचं उद्घाटन होतं. भाषण माझं होतं. भिंतीवर पुण्या-मुंबईची थोर माणसं ओळीनं होती. आमच्या सानगडीच्या भागरथा मावशी नव्हत्या. झाडीपट्टीच्या नाटकांत जन्म घालवून राज्य पुरस्कार मिळवलेली ही बाई शेवटच्या रांगेत बसली होती.

तिथंच मी आयोजकांना विचारलं, “मावशींचा फोटो काहून नाही?”

“सर, सगळ्या फोटोंले हार घालाचा हाये. जित्या माणसाच्या फोटोले हार कसा घालावा? अपशकुन होते ना!”

मावशी हसल्या. “मंग थांब ना गा बाबू. मले मरू दे, मंग लावजो.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी टेबलावरचा एक हार उचलला आणि मावशींच्या गळ्यात घातला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

आयोजक कुरकुरले, “सर, आता एक फोटो बिनहाराचा राह्यला ना!”

राहू द्या! फोटोतल्या माणसाला काय फरक पडतो?

तुमच्या गावात असं कोण आहे, ज्याच्या कौतुकासाठी तुम्ही त्याच्या मरणाची वाट पाहताय?