बाकी छुट्टी में
सांधेदुखीच्या बामाचा वास आला की मला कतारमधल्या दुखानचा तेलाचा कॅम्प आठवतो. साठच्या दशकात मी रत्नागिरीहून तिथे फिटर म्हणून गेलो होतो. शेजारच्या खोलीत हाँगकाँगचा एक वेल्डर होता. रोज पहाटे गुडघ्यांना बाम चोळून तो वाळूवर अनवाणी उभा राहायचा आणि छातीभर पाण्यात चालल्यासारखा, अगदी संथ, हवेशी लढायचा. गावी मोहरमला मीही लाठी फिरवलेली, म्हणून बघत बसायचो. अर्ध्यावर तो थांबायचा, हसायचा. "बाकी छुट्टी में," कॅम्पात शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणायचा. तो सुट्टीत घरी गेला की त्याचा उस्ताद त्याला पुढचे हात शिकवणार होता. एक दिवस त्याला घरून पत्र आलं. दुसऱ्या पहाटे तो तिथेच थांबला, पण हात खाली येईनात. "उस्ताद खलास," एवढंच म्हणाला. मी शहाणपणा केला, "तो अपने मन से जोड़ दे." त्याने माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या लाठीच्या उस्तादाने कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यानंतर तो वाळूवर कधीच आला नाही. आता टीव्हीवर चीनमधल्या बागांत शेकडो म्हातारी माणसं तेच हात करताना दिसतात. तो अडला होता ती जागा येते, आणि ती सगळी सहज पुढे जायला निघतात. तेवढ्यात मी टीव्ही बंद करतो.