मर्दुमकीची कुंची

भूमला कुणी हौसेनं जात नाही, हे मला पुण्याच्या स्टँडवरच कळलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "भूमला? घरचं कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, किड्याचे पंख बघायला चाललेय." त्यानंतर बार्शीपर्यंत बाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. एसटीचा प्रवास इतका शांत क्वचितच होतो.

पंखांचं मात्र खरं होतं. सोनपाखरू म्हणून जो हिरवा झळझळीत किडा लहानपणी आपण काडेपेटीत कोंडतो आणि त्याचा जीव नकोसा करतो, त्याचे वरचे टणक पंख जुन्या काळी दख्खनच्या दरबारी कपड्यांवर जरीच्या जोडीनं शिवत. पाचू परवडत नसेल तर किडा, असा हा राजेशाही काटकसरीचा मामला. पुढं कापड विरतं, जरतार काळी पडते, घराणी बुडतात, किडा मात्र कालच मेल्यासारखा चमकत राहतो. पुण्यातल्या एका खासगी संग्रहालयात मी अशा कपड्यांची निगा राखते, म्हणजे मुख्यतः लोकांना "हात लावू नका" असं सांगते.

भूमजवळच्या एका वाडीतून आबा नावाच्या गृहस्थांचा फोन आला होता. घरात पंखांची कुंची आहे, आता तिचा उपयोग नाही, घेऊन जा. आमच्या संचालिकाबाईंनी ताबडतोब एक काचेचं कपाट मोकळं केलं आणि मला पांढरे हातमोजे, मऊ कागद आणि एक भलामोठा पुठ्ठ्याचा खोका देऊन रवाना केलं. "रिकाम्या हातानं येऊ नका," एवढाच आशीर्वाद मिळाला.

बार्शीला बस बदलली. भूमच्या स्टँडवर उतरले तेव्हा खोक्याचा एक कोपरा चेपला होता आणि माझे दोन्ही गुडघे. पुढं काळी-पिवळी जीप. ती भरेपर्यंत निघत नाही, आणि भरली असं तिच्या ड्रायव्हरला कधी वाटत नाही.

"कुठं जायलाव, ताई?" त्यानं विचारलं. मी आबांचं नाव सांगितलं.

"म्हंजी बारशाला! पेढं घेतलं का? पोरगी झालीया, पन पेढं लागतेतच की."

बारशाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मुकाट्यानं उतरून पेढे घेतले. भूमचा खवा असा असतो की तो खाताना माणसाला भूमबद्दल वाईट बोलवत नाही. म्हणून मी वाडी येईपर्यंत खात राहिले.

रस्ता बालाघाटाच्या उघड्या माळावरून जातो. दोन्ही बाजूंना बाभळी, उडदाची काढणी, शेळ्या. वर्षातले दोन महिने हा माळ हिरवा असतो आणि आम्ही शहरातली माणसं नेमकी तेव्हाच येऊन "किती सुंदर!" म्हणतो. उरलेले दहा महिने सुंदर म्हणायची जबाबदारी शेळ्यांवर.

आबा दारातच उभे होते. चहा आला. त्यात साखर विरघळायला जागा उरली नव्हती. मग आबांनी ट्रंकेतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली कुंची काढली, आणि मी हातमोजे घालायचं विसरले.

किरमिजी रेशीम, त्यावर काळपटलेल्या जरीच्या वेली, आणि प्रत्येक पानाच्या जागी एकेक हिरवा पंख. ऊन पडलं की निळा, हलवली की तांबूस. 

"निजामाच्या सरदारानं आमच्या पणजोबाला दिलेली," आबा म्हणाले. "मर्दुमकीचं बक्षीस हाय ते."

मराठवाड्यात ज्यांच्या पणजोबांनी मर्दुमकी केली नाही असं घर मला अजून भेटायचं आहे. मी मान डोलावली. आबांनी खालच्या काठावरची सुटी रांग दाखवली. घरात पोरगा झाला की बारशाला त्याच्या आत्यानं तिथं एक पंख शिवायचा, ही रीत. "ह्यो माझा. ह्यो माझ्या पोराचा." त्यापुढं काठ मोकळा होता.

"मग आता उपयोग नाही, असं का म्हणालात?"

 उत्तर चुलीपाशी बसलेल्या जिजींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं दिलं. "दोनी बी पोरीच झाल्या. सुनंचं ऑपरेशन झालंय. आता पाळना बंद."

सून सुरेखा तान्हीला घेऊन आतल्या दारात उभी होती. तिच्या पदराला पाच वर्षांची थोरली, राणी. सुरेखा पुढं आली आणि तिनं कुंकवाचा करंडा माझ्यासमोर उघडला. आत कापसावर दोन हिरवे पंख.

"भिंगोटीचे हायत," ती म्हणाली. (सोनपाखराला इकडं भिंगोटी म्हणतात.) "बाभळीखाली मरून पडलेली घावली. ही पोटात हुती तवा. पोरगा का पोरगी, म्हायत न्हवतं. म्या आपले ठिवले. थोरलीच्या येळंला आमी गप बसलो, मॅडम. उद्या हिच्या डोस्क्यावर एकदा घालू द्या. मंग न्या."

"पोरींला घालायची रीत न्हाय," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. न चढवताच विषय संपतो याची त्यांना सवय होती.

खरं सांगते, मला ती कुंची हवी होती. अशी वस्तू माझ्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. मी गप्प बसले असते तर अंधार पडायच्या आत खोका बांधून झाला असता, आणि शेवटी रीत त्यांची, घर त्यांचं, मी कोण? असं मनाशी म्हणून मी कुंची उलटी केली आणि नोंदीसाठी शिवण तपासू लागले. तिथंच घोटाळा झाला.

डोक्यामागच्या शिवणीवर फुलं अर्धी कापलेली होती. वेल एका बाजूनं येऊन मध्येच तुटत होती. कुंचीसाठी कुणी असं भरत नाही. हे कापड आधी लांबच लांब होतं, आणि नंतर कात्रीनं कापलेलं.

"आबा," मी म्हटलं, "ही मुळात कुंची नाही. ही बाईची ओढणी आहे."

"काय?"

"ओढणी. इथं बघा, काठ. तुमचे आजोबा, तुम्ही, तुमचा मुलगा, सगळे मर्द बाईच्या ओढणीत गुंडाळून वाढलात."

दरबारातल्या बाईची की दरबारात नाचणाऱ्या बाईची, हे ओढणी सांगत नाही. मीही आबांना सांगितलं नाही.

चुलीपाशी आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग जिजी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तरी म्हनलं, ह्येंला आरशाम्होरून हलायला एवढा येळ का लागतोय!"

आबांनी कुंची हातात घेतली, अर्धं फूल अंगठ्यानं दाबून पाहिलं, जणू उरलेलं अर्धं आत दडलं असेल.  मग म्हणाले, "मंग पोरींनी काय घोडं मारलंय," आणि गुरांना पाणी पाजायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बारशाला नवी अडचण. आबांना मुलगी नाही, म्हणजे तान्हीला सख्खी आत्या नाही. जिजींनी ती चुटकीसरशी सोडवली. "सुई तुमच्याच हातात शोभती. तुमीच व्हा आत्या."

वाळलेला पंख टोचला की तडकतो, त्याला आधी वाफ द्यावी लागते. संग्रहालयात त्यासाठी यंत्र आहे. इथं घुगऱ्यांचं (बारशाला वाटायच्या उकडलेल्या हरभऱ्यांचं) पातेलं होतं. मी पंख त्यावर धरले आणि मोकळ्या काठावर एक शिवला. माझ्या मांडीला खेटून बसलेली राणी म्हणाली, "माझा कंचा?"

दुसरा पंख वाफवलेला होताच. तो पहिल्याच्या अलीकडं शिवला, कारण ती थोरली. मग कुंची आधी राणीच्या डोक्यावर चढली. ती कानांपर्यंतही पोचली नाही, तरी राणीनं अंगणाला एक फेरी मारून घेतली. सुरेखा बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले, दोष मी पातेल्याच्या वाफेला दिला.

तान्हीला कुंची घातल्यावर मी तिच्या कानात "कुर्र" करून घरच्यांनी ठरवलेलं नाव सांगितलं. श्रावणी. वाडीत त्या नावाच्या आणखी तिघी आहेत, पण आत्याचं कोण ऐकतं? आत्याच्या वाट्याला बुक्के येतात. नाव ठेवून झाल्याबरोबर वाडीतल्या बायकांनी माझ्या पाठीत रीतसर घातले, उडीद काढणाऱ्या हातांनी.

निघताना आबांनी कुंची पुढं केली. "शब्द दिलता. न्या."

"आमच्याकडं नवं शिवणकाम झालेली वस्तू घेत नाहीत," मी म्हटलं. "नियमच आहे."

"नवं म्हंजी तुमीच केलेलं?"

"हो, तेच."

आबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग घडी घालून कुंची ट्रंकेत न ठेवता सुरेखाच्या हातात दिली.

परत येताना खोक्यात घुगऱ्या होत्या आणि पाठ अशी ठणकत होती की बार्शीपर्यंत मी सीटला टेकले नाही. वीस वर्षं लोकांना "हात लावू नका" म्हणत आले. एवढा हात मलाही कुणी लावला नव्हता. बरं वाटलं.

संचालिकाबाईंनी खोका उघडला, घुगऱ्या पाहिल्या आणि मी काढून आणलेल्या फोटोत कुंचीवरचे माझे टाके पाहिले. "एवढ्या दुर्मीळ वस्तूची ही नासधूस कुणी केली?"

मी म्हटलं, "मुलींच्या आत्यानं."