काकूंच्या नावाने गेलेलं उत्तर

"हं, बोला," असं काकू कॉम्प्युटरच्या पडद्याला म्हणायच्या. दर शनिवारी दुपारी खुर्ची पुढे ओढून, चष्मा पदराने पुसून पहिली तक्रार उघडायच्या आणि समोर माणूस बसलाय अशा आवाजात म्हणायच्या, "हं, बोला." मग ती तक्रार पुटपुटत शेवटपर्यंत वाचायच्या. आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. त्यांना ते दिसायचं, आणि त्या पुढची तक्रार उघडायच्या.

टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर त्यांची तीस वर्षं गेली होती. फोन बंद आहे, खरखर येते, शेजाऱ्यांचे फोन आमच्याकडे वाजतात, हे सगळं ऐकून, लिहून घेऊन ज्या त्या विभागाकडे पाठवायचं. निवृत्त झाल्यावर वारज्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना करमेना. त्यांची भाची आमच्या गटात होती, तिने एक दिवस त्यांना आणून बसवलं आणि महिनाभराने ती स्वतः यायची बंद झाली. काकू राहिल्या.

आमचं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पडद्यावरचा मराठी आणि इतर भाषांतला मजकूर अंध माणसांना मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कोणाच्या मालकीचं नाही. कोणीही फुकट वापरावं आणि ज्याला येतं त्याने सुधारावं. वापरणारे लोक त्यातल्या चुका कळवतात. आम्ही सात-आठ जण त्यातल्या मराठीच्या तक्रारी वाचायचो, स्वतः करून बघायचो, आणि खरी कुठली, तातडीची कुठली, आधीच आलेली कुठली हे ठरवून प्रोग्रामर मंडळींकडे पाठवायचो. पगार नाही. बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावरची खोली शनिवारपुरती मिळाली होती. गटाचा प्रमुख मी. मला तसं कोणी नेमलं नव्हतं, पण मीच होतो.

अर्धवट तक्रारींची मला फार चीड. 'काहीतरी बिघडलंय' एवढंच एकाने लिहिलं होतं, त्याला मी उत्तर पाठवलं, 'कळवल्याबद्दल आभार. आम्हालाही तसा संशय होताच.' हे उत्तर आमच्या ग्रुपवर दोन दिवस फिरत होतं. मला कौतुकाची सवय लागली ती तिथून.

काकूंचं सगळं याच्या उलट. एका बाईंनी लिहिलं होतं, 'आवाज रडका येतो.' आम्ही पोट धरून हसलो. काकूंनी त्या बाईंना फोन लावला. अर्धा तास बोलल्या, त्यात त्यांच्या सुनेचं बाळंतपणही झालं, आणि फोन ठेवून सांगितलं की लॅपटॉपची बॅटरी उतरत आली की वाचण्याचा वेग मंदावतो. आम्ही करून पाहिलं. खरंच रडका यायचा. त्या म्हणाल्या, "त्यांना ऐकू आलं तसं त्यांनी लिहिलं. आपल्याला काय हवं ते आपण विचारायचं ना?"

येताना त्या मंडईतून भाजी घेऊन यायच्या. सॉफ्टवेअर लांबलचक मजकूर वाचत असलं की त्या शांतपणे मेथी निवडत बसायच्या. खोलीत माती पडते, असं मी एकदा जरा कुचकटपणे म्हणालो. "पडते खरी," म्हणाल्या, आणि पुढच्या शनिवारी खाली पसरायला वर्तमानपत्र घेऊन आल्या. मेथी निवडता निवडताच त्यांनी दोन चुका कानाने पकडल्या होत्या, ज्या आमच्यापैकी कोणाला डोळ्यांनी सापडल्या नव्हत्या. हे सांगायला मला तेव्हा जड गेलं असतं. आता जात नाही.

सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी एक गृहस्थ सरकारी कचेरीत कारकून होते. जन्मापासून अंध. त्यांनी कळवलं होतं की सॉफ्टवेअर कधी कधी एखादी ओळ वाचतच नाही. त्यांची खात्याची बढतीची परीक्षा जवळ आली होती. आजवर प्रत्येक परीक्षेत पेपर दुसऱ्या कोणीतरी त्यांना वाचून दाखवला होता. या वेळी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर स्वतः वाचायची परवानगी मिळाली होती, आणि गाळलेली ओळ प्रश्नाचीच निघाली तर काय, ही त्यांची काळजी होती.

काकूंनी ती तक्रार आपल्या नावावर घेतली. परीक्षेच्या आत शोधते, असं त्यांना कळवलं. मग रोज घरून त्यांना मजकुराची दोन पानं पाठवायच्या, कुठली ओळ गळली ते विचारायच्या, वहीत लिहून ठेवायच्या. ती ओळ आमच्याकडे गळायची नाही, त्यांच्याकडे गळायची, आणि तीही रोज नाही. मी म्हणालो, सोडून द्या. "मी त्यांना शब्द दिलाय," एवढंच त्या म्हणाल्या.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघायची होती. कुठल्या भाषेच्या गटाकडे किती तक्रारी पडून आहेत, तो आकडा सगळ्यांना दिसायचा, आणि त्यात मराठी सर्वांत वर होती. मला त्या आकड्याची लाज वाटत होती. लाज कशाची वाटावी, हेसुद्धा माणसाला कळावं लागतं. एका दुपारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी सहा महिन्यांपेक्षा जुन्या किंवा माहिती अपुरी असलेल्या सगळ्या तक्रारी निवडल्या आणि एका फटक्यात बंद केल्या. सगळ्यांना एकच उत्तर गेलं, 'कधी कधी होणाऱ्या गोष्टींवर आमच्याकडे इलाज नाही. नक्की काय होतं ते स्वतःला कळलं की जरूर त्रास द्या.' माझं मलाच ते झकास वाटलं होतं.

तक्रार ज्याच्या नावावर असेल त्याचं नाव उत्तराखाली आपोआप उमटतं. हे मला माहीत नव्हतं, असं मी नंतर गटात सांगितलं. माहीत होतं. त्या वेळी डोक्यात आलं नाही, एवढंच खरं. बंद केलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त काकूंच्या नावावर होत्या, कारण त्या तसल्याच घ्यायच्या.

शनिवारी त्या आल्या, खुर्चीत बसल्या, आणि तो पडदा चालूच केला नाही. मी शेजारी संत्रं सोलत होतो. त्यांनी सांगितलं की सोलापूरच्या गृहस्थांचा फोन आला होता. ते बरंच बोलले. महिनाभर गोड बोलून खेळवलंत, आंधळ्याची चेष्टा केलीत, असंही बोलले. पेपर वाचायला त्यांनी कचेरीतल्या एका माणसाला विचारलं होतं, आणि तो माणूस, उपकार करतोय असं त्यांना ऐकवून, तयार झाला होता.

"मग तुम्ही सांगितलंत ना, की ते मी लिहिलं म्हणून?" मी विचारलं.

"नाही. चूक झाली, असं मी म्हणाले."

"का पण?"

"अहो, फोन मी उचलला होता. आमच्या खात्यात दुसऱ्यावर ढकलायची पद्धत नव्हती." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही लिहाल का त्यांना एक ओळ? मी सांगितलं तर बहाणा वाटेल. तुम्ही लिहिलंत तर पटेल."

मी म्हणालो, लिहितो.

लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात कामं होती. दुसऱ्या आठवड्यात उशीर झाला होता, आणि उशिरा लिहायचं तर उशिराचं कारण द्यावं लागलं असतं. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी म्हणालो, जाऊ द्या हो काकू, ते विसरलेही असतील. त्या 'बरं' म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी लिहिलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

त्या गृहस्थांची तक्रार काकूंनी स्वतःच पुन्हा उघडली आणि परीक्षा होऊन गेल्यावरही शोधत राहिल्या. पानाची शेवटची ओळ मराठी आकड्याने सुरू झाली की सॉफ्टवेअर ती गाळत होतं. प्रश्नपत्रिकेतली प्रत्येक प्रश्नाची ओळ आकड्यानेच सुरू होते. प्रोग्रामरने पाच मिनिटांत दुरुस्ती केली. काकूंनी गृहस्थांना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी त्या जरा लवकर निघाल्या, मेथीची जुडी तशीच पिशवीत घेऊन.

पुढे त्यांचं येणं कमी झालं, मग थांबलं. वारजं काही लांब नाही, पण मी गेलो नाही. गेल्या थंडीत भाचीचा निरोप आला की काकू गेल्या.

गटाच्या पानावर श्रद्धांजली मी लिहिली. मला लिहिता बरं येतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यांचा संयम, त्यांची आपुलकी, सगळं घातलं. वाचून डोळे भरून आले, असं लोकांनी कळवलं. त्याच लोकांच्या रांगेत चौथ्या दिवशी सोलापूरचे गृहस्थ आले. त्यांनी लिहिलं होतं, 'बाई चांगल्या होत्या. एकदा त्यांनी मला फार लागेल असं उत्तर पाठवलं होतं. पण माणसाचा एखादा दिवस वाईट असतो. मी त्यांना केव्हाच माफ केलं आहे.'

खाली बऱ्याच जणांनी हात जोडले होते. मी ते वाक्य किती वेळा वाचलं सांगता येत नाही. त्या बाईला माफी मिळाली होती, सगळ्यांच्या देखत, माझ्या वाक्याबद्दल, आणि तीही मी लिहिलेल्या श्रद्धांजलीखाली. ते उत्तर माझं होतं, बाईंचा त्यात काही संबंध नव्हता, असं मी त्या श्रद्धांजलीखालीच लिहायला हवं होतं. मी ते फक्त त्या गृहस्थांना खाजगीत लिहिलं.

दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. 'मी बाईंना फोनवर नको ते बोललो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चूक झाली म्हणाल्या. आता मी कोणाची माफी मागू? मी त्यांना तसं बोललो, हे तुम्हाला त्या असताना माहीत होतं का?'

उत्तर 'हो' असं होतं. ते लिहायला मला चार दिवस लागले. त्यानंतर त्यांचं काही आलेलं नाही.