बांधावरचा उंबर

दर मे महिन्यात मी एकच सहल करतो आणि तिच्यावर आजवर या ब्लॉगवर एक ओळही लिहिली नव्हती. यंदा लिहितो, कारण आता ती संपली.

चाकणच्या पलीकडे एका टेकडीखाली मातीचा छोटा बांध आहे. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी वस्तीत घुसू नये म्हणून ते अडवायचं आणि हळूहळू सोडायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या उतारावर सहा वर्षांपूर्वी मी एक उंबर लावला, विलासच्या नावानं. विलास माझ्या शिफ्टमधला. कामावरून परतताना अपघातात गेला. कंपनीची झाडं लावायची मोहीम होतीच. माळावर नुसता मुरूम, पहार आपटली की हात झिणझिणायचे. बांधाची माती मऊ लागली, म्हणून आम्ही हुशारांनी सगळे खड्डे तिथंच घेतले. तेव्हापासून विलासची आई, आमच्या मावशी, दर वर्षी त्याच्या दिवसाला बीडहून येतात, थेरगावात माझ्याकडे उतरतात आणि मी त्यांना झाडाकडे नेतो.

सकाळी सहाला निघालो. तुम्हालाही त्या बाजूला जायचं असेल तर सहालाच निघा. डांगे चौक, स्पाईन रोड, मोशी आणि मग नाशिक हायवे. आठनंतर चाकणच्या चौकात सापडलात तर दुपारचा डबा बरोबर असलेला बरा. जाऊन-येऊन पाचशेचं पेट्रोल पुरतं. मावशींच्या मांडीवर पाण्याचा कॅन होता, गावच्या विहिरीचा. बीडपासून एसटीत सांभाळून आणलेला. मागं ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा, लवंडंल."

मोशीच्या पुढे एका टपरीवर मिसळ खाल्ली. झणझणीत, पण पाव कालचे. शेजारच्या बाकावर कुठल्याशा कंपनीचे दोघे होते.

"राव, काल चौकात दोन तास गेले."

"साहेबाला सांग भावा, ओव्हरटाइम धरा म्हणावं."

मी हसलो. मावशींनी फक्त चहा घेतला. झाडाला पाणी घातल्याशिवाय त्या खात नाहीत.

हायवे सोडला की शेवटचे तीन-चार किलोमीटर कच्चा रस्ता. बस नाही. गाडी वस्तीतल्या देवळापाशी लावून चालावं लागतं. वळणावर आलो आणि माझे पाय थांबले. बांध बोडका झाला होता. आमची गुलमोहराची, कडुनिंबाची झाडं गायब. एकटा उंबर उभा आणि त्याच्या सावलीत सहा-सात माणसं पहारी, फावडी घेऊन बसलेली. त्यांच्यातले तात्या उठून आले. तात्यांचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी, बांधावर लक्षही तेच ठेवतात.

"मावशी, आमी तुमचीच वाट बघत व्हतो," ते म्हणाले. "या, आधी खाली दावतो."

बांधामागं वळवाचं थोडं पाणी साठलं होतं. उंबराच्या बरोबर खाली, बांधाच्या पायाशी, भर उन्हाळ्यात जमीन ओली होती. बोटभर धार वाहत होती.

"गढूळ हाय, बघा. मुळांच्या कडंनं पानी वाट काढतंय, आन् आतली माती बाहेर येतीय. पावसात बांध भरला की टिकायचा न्हाई. खाली आमची तीस घरं."

"मग बाकीच्यांबरोबर हाही का नाही काढलात?" मी विचारलं.

"उंबर हाय. बायका फेऱ्या घालत्यात. कुनी घाव घालंना. आन् त्यातनं यांच्या पोराचा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लावतानाच म्या म्हनलं व्हतं, बांधावर झाडं नगं."

म्हणाले होते, खरंच. आणि "तात्या, झाड कुणाचं वाईट करतं का?" म्हणून आम्ही हसलो होतो. आम्हाला फोटोची घाई होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"फांद्या छाटू या," मी म्हणालो. "हा पावसाळा जाऊ दे, मग बघू."

मावशी खालच्या घरांकडे बघत होत्या. एका अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या.

"त्या घरात लेकरं हायेत का?"

"हायत की. नातवंडं माझी."

"मग बघायचं काय त्यात? आना कुऱ्हाड."

मावशींनी खोडाला हळद-कुंकू लावलं, कपाळ टेकलं, पुटपुटल्या. मग पहिला घाव त्यांनी घातला. साल तेवढी फाटली आणि पांढरा चीक आला.

"दूध आलं रे," असं म्हणून त्या मटकन खाली बसल्या.

तात्यांनी कुऱ्हाड माझ्याकडे दिली. लावला मी होता, दुसरा घाव माझाच होता. मी घातला. त्यानंतरचे मोजले नाहीत.

मुळं उकरून काढायला तीन वाजले. मग तात्यांची माणसं खड्ड्यात एकेक थर माती टाकून ती ओली करून धुम्मसानं ठोकत होते. मावशींनी कॅन उघडला आणि विहिरीचं सगळं पाणी त्या मातीवर शिंपडलं. तात्यांच्या सुनेनं पिठलं-भाकरी वाढली. मावशी अर्धी भाकरी जेवल्या. परतताना चौकात दीड तास अडकलो. दुसऱ्या दिवशी त्यांना वल्लभनगरला एसटीत बसवून दिलं.

अशा बांधांवर तुमची कंपनी झाडं लावायला निघाली, तर खाली राहणाऱ्याला आधी विचारा. प्रवासाच्या ब्लॉगवर हे लिहायची वेळ यायला नको होती.

जुलैत चार दिवस धो धो पडला. पाचव्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला.

"बांध फुटला न्हाई ना?"

तात्यांशी आदल्याच दिवशी बोलणं झालं होतं. काठोकाठ भरलाय, पण धार बंद आहे, असं मी सांगितलं.

"बरं झालं बाबा." मग म्हणाल्या, "आता पुढल्या साली नको येऊ मला घ्यायला स्टँडवर. माजं कोन हाय तिथं?"

"मी आहे की," असं म्हणायला हवं होतं. ते मला फोन ठेवल्यावर सुचलं.