अंगठा हलला त्या दिवशी

"काका, खरी वेळ सांगा. त्रास नेमका कधी सुरू झाला?"

डॉक्टरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा मी सांगितलं होतं, "झाला असंल तासभर." माझी बायको कमल शेजारच्या स्ट्रेचरवर होती. तोंडाची उजवी बाजू उतरली होती, उजवा हात खाली लोंबत होता.

"वेळ चुकीची असली आणि आम्ही इंजेक्शन दिलं, तर डोक्यात रक्तस्राव होईल. जिवावर बेतेल."

मग मी खरं बोललो. सकाळी आठ. तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते.

आठ वाजता कमलच्या हातून चहाचा कप पडला होता. ती काहीतरी सांगत होती, पण जीभ जड झाली होती. मी चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. कंपनीची बस चुकेल या घाईत मी म्हणालो, "लक्ष कुठं असतंय तुझं?" आणि फरशीवरच्या काचा ओलांडून निघून गेलो. दुपारी शेजारच्या मंगलवहिनी दळण द्यायला आल्या, तेव्हा त्यांना ती स्वयंपाकघरात पडलेली दिसली. त्यांनीच रिक्षा केली, मला फोन केला. दवाखान्यात मी खरी वेळ लपवली ती भीतीनं नाही. लाजेनं.

सीटी स्कॅन झाला. इस्केमिक स्ट्रोक. म्हणजे मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीनं बंद होणं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळली होती. नळी बारीक, त्यामुळं आत तार घालून ओढून काढण्यासारखीही गुठळी नव्हती. म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो: तोंड वाकडं दिसलं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी झालं तरी लगेच मोठा दवाखाना गाठा. आणि वेळ विचारली तर खोटं बोलू नका.

कमल चार दिवस आयसीयूत होती. बाहेरच्या बाकावर बसून मी दरवाजा उघडण्याची वाट बघायचो. मग वॉर्ड, मग एमआरआय. उजवी बाजू गेली होती आणि अफेजिया झाला होता. म्हणजे माणसाला समजतं, पण हवा तो शब्द तोंडात येत नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज व्यायाम करून घ्या. सुधारणा मुंगीच्या पावलानं येईल. घाई करू नका."

मी मान हलवली. पण डोक्यात हिशेब पक्का होता: महिन्याभरात चालायला लागेल.

घरी भेटायला माणसं यायला लागली. कमलच्या तोंडातून लाळ गळायची. बिडकीनहून माझा मावसभाऊ बायकोला घेऊन आला, तेव्हा मी आतल्या खोलीचा पडदा ओढला आणि म्हणालो, "आत्ताच झोप लागलीय तिला." ती जागी होती. पडद्याआड तिला सगळं ऐकू येत होतं. असं मी चार-पाच वेळा केलं.

फिजिओथेरपी द्यायला शबाना मॅडम घरी यायच्या. वयानं लहान, पण कामात कडक. त्या गेल्यावरही कमल डाव्या हातानं उजवा हात उचलून एकटीच व्यायाम करत बसायची. एका सकाळी तिनं आवाज काढून मला बोलावलं. मी मोबाइल बघत होतो. तिनं नजरेनं उजवा हात दाखवला. अंगठा हलला. जेमतेम, पण हलला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि वाकड्या तोंडानं ती हसत होती.

मी म्हणालो, "बरं झालं. पण अंगठ्यानं काय होतंय? उभी कधी राहणार तू?"

तिनं हात पदराखाली घेतला. त्या दिवसापासून व्यायाम बंद.

आठवडाभरानं शबाना मॅडमनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. "काका, इनको क्या हुआ? हात बी लगाने नै देरे. तुमी काय बोललात का?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, अंगठा हलला म्हणजे मेंदूनं बंद रस्त्याच्या बाजूनं दुसरा रस्ता काढला. पेशंट महिनाभर मेहनत करतो त्याच्यासाठी. आणि तुमी त्यालाच नापास केलं."

माझी उभी हयात माल पास करण्यात आणि नापास करण्यात गेली. बायकोसमोरही मी तेच करत होतो.

मी आत जाऊन कमलच्या पायाशी बसलो. "चुकलो मी. अंगठ्याचं चुकलो. त्या दिवशी सकाळी तुला तसंच टाकून गेलो, ते तर लईच चुकलो. लोकांपुढं पडदा ओढला, तेही." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मला माफी मिळाली असं इथं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. तीन दिवस तिनं माझ्याकडं बघितलं नाही. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो, तर तिनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि अंगठा हलवला. माझ्याकडं बघत. मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी म्हणालो, "मागच्यापेक्षा जास्त हलला."

तिनं मान हलवली. नाही. मागच्याइतकाच. खोटं कौतुक तिला नको होतं.

मग आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागलो. दुधाच्या खुणांशेजारी: तर्जनी. मनगट. आधाराशिवाय बसली. घास स्वतः घेतला, डाव्या हातानं. मध्ये ताप आला आणि आठ-दहा चौकोन कोरे गेले, अंगठाही रुसला. तेव्हा ती रडली, मीही रडलो. शबाना मॅडमनी मागचं पान उलटून तिला दाखवलं. "हे बी तुमीच केलं ना, मावशी?"

आज दीड वर्ष झालं. कमल काठी घेऊन चालते, पाय थोडा ओढते. उजव्या हातानं ब्लाऊजचं एक हूक लावते. लावायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसणं हा माझा व्यायाम. माझी लाज गेलेली नाही. त्या सकाळचं ओझं उतरत नाही आणि उतरावं असंही वाटत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या कुणा नवऱ्याला, कुणा मुलाला एवढंच सांगतो: तुमच्या माणसाचं जे हललं, ते आधी बघा. राहिलंय काय, ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मागच्या महिन्यात चिकलठाण्याला एक लग्न होतं. कमलनं स्वतःच यायचं ठरवलं. मंडपात एका ओळखीच्यानं तिच्यासमोर मला विचारलं, "वहिनींची तब्येत कशी आहे आता?"

मी म्हणालो, "तिलाच विचारा की."

तो गोंधळला. मग तिच्याकडं वळून त्यानं पुन्हा विचारलं. कमलनं काठी घट्ट धरली. शब्द ओठांपर्यंत येत होता, परत जात होता. शब्द मला माहीत होता. मी गप्प राहिलो.

"ब... बरी," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "आजून... हुईन."