गवार मोडणारी सहप्रवासी

डोणगावहून बुलढाण्याला निघालेल्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि मांडीवर पिशवी घेऊन गवारीच्या शेंगा मोडू लागली. मी मात्र एवढ्या उकाड्यातही तोंडाला स्कार्फ बांधून बसले होते.

“जीव नाही गुदमरत काय वो?”

स्कार्फ खाली केला. गालभर मुरमं. उष्णतेनं झालंय म्हणून सासूबाईंनी माझे आंबे बंद केले होते.

तिचे हात थांबले. ती कानाशी वाकली. “तीन महिन्याचं इंजेक्शन घेतं काय?”

मूल लांबवायचं म्हणून मी ते घेत होते. मी मान हलवली.

“मलेही असेच आले होते. एखादीले त्यानं येतेत म्हणे. मंग मी डाक्टरीणले इचारून तांबी बसवली. हळूहळू गेले.” तिनं आपला गाल पुढे केला. फिकट डाग तेवढे उरले होते. “तू आंब्याले काऊन बदनाम करून राह्यली?”

मी इतकी हसले, की कंडक्टरनं वळून पाहिलं.

मेहकरला ती उतरली. नाव विचारायचं राहिलंच. बुलढाण्याला डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच कारण सांगितलं. येताना मी आंबे घेतले. पिशवी नव्हती, म्हणून स्कार्फात बांधले.